कानाची टेस्ट ‘रेफर’ आलीये, सव्वा महिना थांबू का?

नमस्कार मंडळी. या वेळी बऱ्याच जणांनी नव्या बाळाच्या कानाच्या टेस्टबद्दलच विचारलंय म्हणून हा कॉलम त्याच विषयावर घेतेय. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ठाण्यात बाळांचे कान तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे एकदोन ठिकाणी आवाज जरा चढेल, ते काळजीपोटी आहे असं समजा.

प्रश्न : मॅडम, माझं सिझर ठाण्यात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये झालं, मुलगा आहे. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी छोटं मशीन घेऊन आली, बाळाच्या कानात काहीतरी घालून टेस्ट केली आणि उजवा कान पास, डावा रेफर असं लिहून दिलं. परत दाखवा म्हणाली पण डिस्चार्जच्या गडबडीत कधी ते विचारायचं राहिलं. आता मी माहेरी डोंबिवलीला आहे, बाळ सोळा दिवसांचं झालं. आई म्हणते सव्वा महिना होईपर्यंत दोघांनी घराबाहेर पडायचं नाही, सासूबाई म्हणतात आपल्याकडे कुणी बहिरं नाही उगाच टेन्शन घेऊ नकोस, आणि परवा आईने स्टीलची थाळी वाजवून बघितली तर बाळ चांगलं दचकलं. मग थांबलं तर चालेल ना?

उत्तर : नाही गं, थांबू नकोस. याच आठवड्यात जा.

आधी घाबरायचं का ते सांगते. रेफर म्हणजे बाळाला ऐकू येत नाही असं नाही, रेफर म्हणजे आज मशीनला हवं ते उत्तर मिळालं नाही, परत बघावं लागेल. ही जी टेस्ट झाली ती ओएई. आपल्या आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्यातल्या पेशी आवाज आला की स्वतःही अगदी बारीक आवाज उलटा बाहेर टाकतात, १९७८ मध्ये डेव्हिड केम्प नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं आणि त्यावरच हे मशीन चालतं. मऊ रबराचं टोक कानात बसवतात, त्यात छोटा स्पीकरही असतो आणि माइकही. आता जन्मल्यावर पहिले एकदोन दिवस कानाच्या नळीत तो पांढरा चिकट थर असतो, आत गर्भातलं पाणी राहिलेलं असतं, मग आवाज नीट आत जातही नाही आणि बाहेरही येत नाही. सिझरच्या बाळांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत हे जास्त दिसतं. शिवाय वॉर्डात पंखा घरघरतोय, शेजारच्या पाळण्यातलं बाळ रडतंय, खिडकीबाहेर हॉर्न, त्यानेही टेस्ट बिघडते. म्हणून रेफर आलेल्या बाळांपैकी बहुतेक पुढच्या टेस्टला पास होतात आणि तुझंही होण्याचीच शक्यता जास्त आहे.

मग एवढी घाई कशाला असं म्हणशील. कारण राहिलेली जी थोडी बाळं असतात ना, ती बघून ओळखता येत नाहीत. ती हसतात, हुंकार देतात, अगदी छान दिसतात. दर हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना दोन्ही किंवा एका कानाने जन्मापासून कमी ऐकू येतं असं जगभरातले आकडे सांगतात, आणि आयसीयूत राहिलेल्या बाळांत हे प्रमाण बरंच वाढतं. थाळीवर तर अजिबात विसंबू नकोस. थाळीचा आवाज खूप मोठा असतो, मध्यम दोष असलेलं बाळही त्याला दचकतं, एक कान चांगला असेल तरी दचकतं, आणि कधी कधी हवेचा झोत लागून किंवा पलंग हादरला म्हणूनही दचकतं. बाळाला पुढे बोलायला शिकायचंय ते थाळीच्या आवाजावरून नाही, तर ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘प’ असल्या बारीक फरकांवरून, आणि ते ऐकू येतात की नाही हे थाळी सांगू शकत नाही.

सासूबाईंना सांग, घरात कुणी नाही ही चांगली गोष्ट आहे पण त्यावरून काही ठरत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या दहापैकी नऊ मुलांचे आईबाप नीट ऐकणारे असतात. अनुवंशिक दोष असला तरी तो बहुतेक वेळा असा असतो की आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन जीन्स एकत्र आल्यावरच दिसतो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात लपून राहू शकतो. नात्यातलं लग्न असेल, मामेभाऊ आतेबहीण वगैरे, तर ही शक्यता वाढते.

आता सव्वा महिन्याचं. मी ही प्रथा मोडा म्हणत नाहीये, बाळंतिणीला आराम मिळतो, बाळाला गर्दीतलं इन्फेक्शन होत नाही, चांगलंच आहे. पण कावीळ वाढली असं वाटलं तर आपण बाळाला घेऊन पळतोच ना? वजन बघायला नेतोच ना? तसंच हे. जगभर जो हिशेब पाळतात तो असा की पहिली टेस्ट आणि रेफर आल्यास परत केलेली टेस्ट मिळून एक महिन्याच्या आत, दोष आहे की नाही हे पक्कं तीन महिन्यांच्या आत, आणि दोष असेल तर श्रवणयंत्र लावून थेरपी सुरू सहा महिन्यांच्या आत. सव्वा महिना थांबलीस की पहिली पायरीच चुकते. आणि खरं सांगू का, सव्वा महिन्यावर कुणी थांबतही नाही. मग दीड महिन्याच्या लसीला जाऊ तेव्हा बघू होतं, मग सासरी परत गेल्यावर बघू, तेव्हा फाइल माहेरच्या कपाटात राहिलेली असते, सासरी कुणाला त्या चिठ्ठीचं माहीतच नसतं, आणि मग ते बाळ माझ्यासमोर येतं थेट अडीच वर्षांचं झाल्यावर, ‘अजून बोलत नाही’ म्हणून. टेस्ट झालेली असते, रेफर लिहिलेलं असतं, परत कुणी आणलेलंच नसतं. मला या कामात सगळ्यात जास्त याचा त्रास होतो. आजार शोधायला उशीर झाला तर समजू शकते, पण इथे चिठ्ठी हातात होती!

तर ठाण्यापर्यंत यायचीही गरज नाही, डोंबिवली-कल्याणमध्ये जिथे ऑडिओलॉजिस्ट आहे तिथे फोन करून ओएई आहे का विचार. सकाळी गर्दी नसताना जा, रिक्षाने जा, लोकल नको. बाळाला निघण्याआधी दूध पाजू नकोस, तिथे पोचल्यावर पाज, म्हणजे पोट भरून तिथेच झोपेल, झोपलेल्या बाळाची टेस्ट एकेका कानाला मिनिटभरात होते. म्हणूनच बाळाबरोबर तू स्वतः जा, नुसतं आजीकडे देऊन पाठवू नकोस. डावाच रेफर असला तरी दोन्ही कान परत करून घे. परत रेफर आलं तर त्याच दिवशी बेराची, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणाऱ्या पुढच्या टेस्टची, तारीख घेऊनच घरी ये.

प्रश्न : आमची मुलगी साडेआठव्या महिन्यात झाली, वजन कमी होतं म्हणून नऊ दिवस एनआयसीयूत (नव्या बाळांच्या आयसीयूत) होती, दोन दिवस ऑक्सिजनवर, इन्फेक्शनसाठी इंजेक्शनं चालू होती, कावीळही झाली. घरी सोडताना ओएई टेस्ट दोन्ही कान पास आली. तरी डॉक्टर म्हणतात बेरा पण करा, ती महाग आहे. पास असताना परत टेस्ट, हे पैसे काढणं नाही का? – ऐरोलीहून एक बाबा

उत्तर : तुमची शंका समजते, एनआयसीयूचं बिल भरून दमलेल्या माणसाला असं वाटणारच. पण इथे डॉक्टर बरोबर आहेत.

ओएई फक्त आतल्या कानापर्यंतच बघते. तिथून पुढे आवाज नसेतून मेंदूकडे जातो, तो रस्ता ती तपासतच नाही. काही बाळांत कान छान काम करतो पण नस संदेश नीट पोचवत नाही, याला ऑडिटरी न्युरोपॅथी म्हणतात, आणि अशा बाळाची ओएई पास येते. हा प्रकार जास्त दिसतो तो नेमका कमी दिवसांच्या, ऑक्सिजन कमी पडलेल्या आणि कावीळ खूप वाढलेल्या बाळांतच. त्यात इन्फेक्शनच्या काही इंजेक्शनांचा, जेंटामायसिन आणि अमिकासिन या गटातली, कानाच्या पेशींवर परिणाम होऊ शकतो. जीव वाचवायला ती द्यावी लागतात, त्यात कुणाची चूक नाही. म्हणूनच पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही असा नियम आहे.

बेरामध्ये कपाळाला आणि कानामागे छोटे चिकट पॅच लावतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूकडून येणारी लहर कॉम्प्युटरवर दिसते. सुई नाही, शॉक नाही, दुखत नाही. फक्त बाळ गाढ झोपलेलं हवं. आणि इथेच पैशांपेक्षा मोठा मुद्दा आहे, आत्ता ती दूध पिऊन आपली आपण दोन तास झोपते, सहा-आठ महिन्यांची झाली की झोपेचं औषध द्यावं लागतं, तिकडे तार ओढते इकडे रडते आणि सगळ्यांचा दिवस जातो. तेव्हा लवकर उरकून घ्या. खर्च झेपत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या ईएनटी विभागात चौकशी करा, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, जो २०१३ पासून चालू आहे, त्यात जन्मजात बहिरेपणा हा तपासायच्या दोषांच्या यादीतच आहे, तुमच्या भागातल्या आशाताईंना किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा पुढे कुठे पाठवतात ते. बेरा नॉर्मल आली तरी तिचं बोलणं नीट येईपर्यंत अधूनमधून कान तपासत राहा, कारण एनआयसीयूतल्या काही बाळांत दोष नंतर उमटतो.

प्रश्न : मालिश करणाऱ्या बाई नातीच्या कानात रोज कोमट तेल घालतात, पुढच्या सोमवारी कानाची टेस्ट आहे. तेल चालेल का? आणि त्या मशीनच्या आवाजाने कान खराब होत नाहीत ना? – आजी, नौपाडा

उत्तर : आजी, टाळूवर तेल घाला, अंगाला चोळा, पण कानात एक थेंबही नको, टेस्टच्या आधीही नको आणि नंतरही नको. तेलाने नळी बंद होते, मशीनचं टोक बुजतं आणि चांगल्या कानाची टेस्ट रेफर येते, वर बुरशी होते ती वेगळीच. मशीनचा आवाज कानाला इजा होईल इतका मोठा नसतो, त्याची काळजी सोडा.

प्रश्न : मुलगी अकरा महिन्यांची आहे. जन्मली त्या नर्सिंग होममध्ये कानाची टेस्ट करत नव्हते. नावाने हाक मारली की बघत नाही, पण समोर गेलं की खूप हसते. आधी ‘आ आ’, ‘गू’ असे आवाज काढायची, आता ते कमी झालेत. कुकरच्या शिट्टीला कधी वळते कधी नाही. सगळे म्हणतात हिचे बाबाही तीन वर्षांचे झाल्यावर बोलले, थांब जरा. मला रात्री झोप लागत नाही. – कोपरखैरणे

उत्तर : ताई, तुम्हाला जे वाटतंय त्यावर विश्वास ठेवा. चोवीस तास बाळाबरोबर तुम्ही असता, बाकीचे येऊनजाऊन असतात.

तुम्ही लिहिलेलं ते आवाज कमी झाल्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. न ऐकणारी बाळंही पहिले काही महिने आवाज काढतात, म्हणून घरच्यांना शंकाच येत नाही. मग साधारण सहा महिन्यांनंतर ऐकणारं बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ असं जोडून बोलायला लागतं कारण त्याला स्वतःचा आणि आपला आवाज ऐकू येतो, आणि न ऐकणाऱ्या बाळाचे आवाज उलट थंडावतात. सहा महिन्यांनी आवाजाकडे मान वळायला हवी आणि नऊ-दहा महिन्यांनी नावाला प्रतिसाद हवा. बाबा उशिरा बोलले असतील, पण ते बाळ असताना हाकेला बघायचे का हे सासूबाईंना विचारून बघा, उशिरा बोलणं आणि हाकेला न बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण कानाचं नसेल, दुसरं काही असेल, तरी आधी कान तपासल्याशिवाय कुणीच पुढे जाऊ शकत नाही.

आधी ईएनटी डॉक्टरांकडून कान बघून घ्या, पडद्यामागे पाणी आहे का ते कळेल, ते असेल तर उपचाराने बरं होतं. मग बेरा. या वयात झोपेचं औषध लागेल, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून हेच काम करते, तपासणी, मशीन, स्पीच थेरपी, पालकांचं समुपदेशन सगळं एका छपराखाली. कोपरखैरण्याहून वाशीला येऊन हार्बरने वडाळा आणि तिथून गाडी बदलून वांद्रे. सकाळी लवकर पोचा, जन्माचे कागद, आधार आणि असल्यास उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा, कारण केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून, श्रवणयंत्र मिळतं आणि लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटचीही (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राची) सोय आहे, त्यासाठी हे कागद लागतात.

दोष निघालाच तर काय, हे पण सांगून ठेवते म्हणजे अंधारात राहणार नाही. पहिल्यांदा दोन्ही कानांना श्रवणयंत्र, कानाच्या मापाचा साचा घेऊन. बाळाचा कान वाढतो तसा साचा सैल होतो आणि शिट्टी वाजायला लागते, मग बदलावा लागतो, मशीन खराब झालं म्हणून काढून डब्यात ठेवू नका, नवा साचा करून घ्या. झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत मशीन कानावर हवं, फक्त अंघोळीला काढायचं. काही महिने मशीन आणि थेरपी करूनही पुरेसं ऐकू आलं नाही तर इम्प्लांटचा विचार, आणि तो जितका लहान वयात तितका चांगला, पहिली तीन-साडेतीन वर्षं मेंदू आवाजासाठी सगळ्यात तयार असतो. याच काळात खाणाखुणा, चित्रं, हातवारे बिनधास्त वापरा, खुणांनी बोललं तर मूल बोलणार नाही ही भीती काढून टाका, तिला तुमच्याशी काहीतरी सांगता आलं पाहिजे, आजपासून.

बेराची तारीख मिळेपर्यंत तिच्या समोर बसून, चेहरा दिसेल असं, जवळून बोला. टीव्ही बंद ठेवा. ती काय आवाज काढते, कशाला वळते, कशाला नाही हे मोबाइलवर व्हिडिओ करून ठेवा, ऑडिओलॉजिस्टला ते फार उपयोगी पडतं. आणि पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, अपॉइंटमेंटचा फोन आजच करा.