आधी फोनची यादी, मग नवा रब्बाय

चि. मुली,
शालोम आणि अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या तुमच्या ज्यू मंडळीचे, म्हणजे सिनेगॉग आणि निवासी व्यसनमुक्ती केंद्र दोन्ही चालवणाऱ्या संस्थेचे, संस्थापक रब्बाय (धर्मगुरू) पुढच्या वर्षी निवृत्त होणार आणि नेतृत्वबदलाच्या समितीचं काम तुझ्याकडे आलं, हे कळलं. सुरुवात जाहिरातीनं करायची की करारानं, असं तू विचारलंस. मी म्हणेन, दोन्ही बाजूला ठेव. आधी रब्बायांकडे जा आणि गेल्या तीन महिन्यांत रात्री दहानंतर त्यांच्या खासगी मोबाइलवर कुणाकुणाचे फोन आले, त्यांची नावं त्यांच्याच हातानं लिहायला सांग. ती यादी तू पाहायची नाहीस. ज्यांनी विश्वासानं फोन केला त्यांची नावं समितीच्या टेबलावर येता कामा नयेत. तू फक्त आकडा विचारायचा.

आकडा पंधरा असो वा साठ, तुमचं खरं काम तेवढं आहे. इतर सिनेगॉगमध्ये रब्बाय गेले की लोक हळहळतात, काही जण वर्गणी थांबवतात. व्यसनमुक्तीवर उभ्या असलेल्या मंडळीत काही जणांच्या बाबतीत पुढचा पेला आणि ते यांच्यामध्ये हा एकच माणूस उभा असतो. म्हणून हा बदल नोकरभरतीच्या आधी रिलॅप्सचा, म्हणजे व्यसन पुन्हा उलटण्याचा, धोका म्हणून हाताळायचा.

यादीतल्या प्रत्येकाला रब्बायांनी स्वतः फोन करायचा आणि विचारायचं, "मी निघाल्यावर रात्री दोनला तू कुणाला फोन करशील?" उत्तर स्पॉन्सर (आधी सावरलेला, आधार देणारा सोबती) असेल, समुपदेशक असेल, एखादा माजी निवासी असेल. उत्तर नसेल तर रब्बायांनी एक नाव सुचवायचं आणि त्याच आठवड्यात तिघांनी एका फोनवर बोलायचं. नुसता नंबर पाठवून भागत नाही, अनोळखी नंबर कुणी रात्री दोनला लावत नाही. एका माणसामागे पाऊण तास धरला तर चाळीस जणांचे तीस तास होतात. रब्बायांच्या शेवटच्या चार महिन्यांच्या वेळापत्रकात ते तास आजच राखून ठेव, नाहीतर निरोपसमारंभ ते खाऊन टाकतील.

आता पदाकडे ये. तुमच्यासारख्या संस्थांना ज्या नमुन्याकडे पाहावं लागतं तो लॉस एंजेलिसचा 'बेत तशुवा'. तुरुंगातल्या ज्यू कैद्यांना भेटणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या हॅरिएट रोसेटो यांनी तो 1987 मध्ये सुरू केला. स्वतः तुरुंग आणि व्यसन भोगून आलेले मार्क बोरोविट्झ तिथं कामाला लागले आणि 2000 मध्ये रब्बाय झाले. निवासी उपचार आणि सिनेगॉग एकाच छपराखाली, ही त्या कल्पनेची ताकद आहे. पण अशा घरात संस्थापक नकळत तीन नोकऱ्या करत असतात: रब्बायची, समुपदेशकाची आणि पैसे उभे करणाऱ्याची. पिट्सबर्गजवळ 1972 मध्ये 'गेटवे' हे उपचारकेंद्र उभारणारे डॉ. अब्राहम ट्वर्स्की रब्बायही होते आणि मनोविकारतज्ज्ञही. अशी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत, आणि 'यांच्यासारखाच हवा' म्हणणारी समिती दोन वर्षं रिकाम्या हातानं बसते.

संस्थापकांच्या एका महिन्याचं प्रत्येक काम लिहून काढ आणि त्याचे तीन रकाने कर. गणना पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात हेच आहे. मोशे आपला वारस यहोशवा याच्यावर हात ठेवतो तेव्हा त्याला स्वतःच्या तेजातलं 'काही' देतो, सगळं नाही. शिवाय यहोशवानं निर्णयासाठी एलाजार याजकापुढं उभं राहावं अशी तिथं स्पष्ट अट आहे. मोशे एकटा जे करत होता ते दोघांत वाटलं गेलं आणि तेही सगळ्या मंडळीसमोर. तुमच्याकडे वाटणीची सर्वांत नाजूक जागा म्हणजे कुणाला केंद्रातून काढायचं, हा निर्णय. संस्थापक असेपर्यंत "रब्बाय म्हणाले राहू दे" एवढ्यावर माणूस राहत असे. नव्या व्यवस्थेत लेखी हवं: निर्णय उपचारप्रमुखाचा, रब्बायला त्याआधी ऐकून घेतलं जाण्याचा हक्क, नकाराधिकार मात्र नाही. हे लिहिलं नाही, तर नवा रब्बाय पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी आईच्या रडण्यापुढं वाकेल आणि उपचारप्रमुख राजीनामा देईल.

जाहीर कसं करायचं, यावर मी आग्रही आहे. शुक्रवारी नको, कारण शब्बाथभर, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनी, कार्यालय बंद आणि लोक एकटे. सणाच्या आदल्या दिवशी नको. मंगळवार किंवा बुधवार घे. सकाळी नऊला कर्मचारी, अकराला निवासी, तेही रब्बायांच्या तोंडून आणि समोरासमोर. दुपारपासून माजी निवाशांना फोन, संध्याकाळी सगळ्या मंडळीला पत्र, देणगीदार दुसऱ्या दिवशी. देणगीदारांना आधी सांगण्याचा मोह विश्वस्तांना हमखास होतो. मग बातमी कुठल्यातरी जेवणाच्या टेबलावरून निवाशांपर्यंत येते आणि "आम्ही इथं शेवटचे" हे जुनं दुखणं उघडं पडतं. पत्रात कारण साध्या शब्दांत असावं. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द या मंडळीत चालत नाहीत. इथं कुणी अचानक गेलं की पहिली शंका एकच: स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली. "वय 72, निवृत्ती, अमुक तारखेपर्यंत काम, त्यानंतर वर्षभर रजा" इतकं नेमकं लिही.

त्या आठवड्यात संध्याकाळचे गट वाढवा, रात्रपाळीला एक माणूस जास्त ठेवा आणि ओपिऑइडचा (अफूसारख्या अमली पदार्थांचा) अतिडोस उतरवणाऱ्या नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा 4 मिलिग्रॅमचा स्प्रे प्रत्येक मजल्यावर आहे ना, त्याची मुदत संपली नाही ना, हे स्वतः पाहा. काही आठवडे ओपिऑइडपासून दूर राहिलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. रागानं बॅग उचलून निघालेल्या निवाशाच्या हातात स्प्रे आणि त्याच्या घरच्यांचा फोन, हे दोन्ही झाल्याशिवाय दार उघडू नये असा नियम करा. अर्थात घरच्यांना कळवायचं तर त्याची लेखी संमती आधीच घेतलेली हवी. व्यसनोपचाराच्या नोंदींना अमेरिकेत '42 सीएफआर भाग 2' या नियमांचं वेगळं, कडक संरक्षण आहे. त्याच कारणानं माजी निवाशांची यादी रब्बाय निवडणाऱ्या समितीला किंवा निधीसंकलनाला सरसकट देऊ नका.

समिती सात किंवा नऊ जणांची कर. त्यात किमान दोन वर्षं सोबर (नशेपासून दूर) असलेले दोन माजी निवासी, निवाशांच्या कुटुंबातलं एक माणूस आणि उपचारविभागातलं एक असावं. सध्याच्या निवाशांना समितीत बसवू नका. उमेदवारांवर मत द्यायचं ओझं त्यांच्या बरं होण्याच्या आड येतं. त्यांच्यासाठी वेगळ्या ऐकण्याच्या बैठका घ्या आणि तिथं समितीनं फक्त लिहून घ्यावं. उमेदवाराला पूर्वी व्यसन होतं का, हे मुलाखतीत विचारू नका. अमेरिकन कायद्यात बऱ्या झालेल्या व्यसनी माणसाला संरक्षण आहे, तेव्हा प्रश्नांची यादी आधी वकिलाला दाखवा. त्यानं स्वतःहून सांगितलं तर ऐका, पण सोबर वर्षांची संख्या पात्रता म्हणून मोजू नका. वीस वर्षांचा माणूसही घसरतो. म्हणून जो येईल त्याच्या करारातच लिहा: स्लिप झाली तर चोवीस तासांत कुणाला सांगायचं, किल्ल्या कुणाकडे, रजा किती, परतीच्या अटी काय. नेमणुकीच्या आनंदात हा विषय काढायला लाज वाटते. पण संकटाच्या रात्री तो कागद नसला तर विश्वस्त एकतर झाकतात, नाहीतर चिरडतात.

मुलाखतीत एक प्रश्न मात्र चुकवू नकोस: "ओपिऑइडच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध घेणारा माणूस तुमच्या लेखी सोबर आहे का?" प्रवचन सुंदर देणारे कित्येक जण इथं अडखळतात. बीमावरून, म्हणजे सिनेगॉगच्या व्यासपीठावरून, 'पूर्ण शुद्ध राहा' असं एक वाक्य गेलं की कुणीतरी सोमवारी गोळी बंद करतं. प्रायश्चित्ताच्या दिवशीच्या उपासातही असंच होतं. मानसिक आजारावर लिथियम घेणाऱ्यानं पंचवीस तास पाण्याविना काढले तर रक्तातलं लिथियम घातक पातळीला जाऊ शकतं, आणि खाण्याच्या विकारातून उठलेल्या मुलीला उपास म्हणजे जुन्या दाराची किल्ली. जीव वाचवणं उपासापेक्षा वरचं, हा आपल्या धर्माचाच नियम आहे. नव्या रब्बायनं तो सणांआधीच्या एलुल महिन्यातच, औषध घेणाऱ्यांना शोधून न काढता, सगळ्यांना उद्देशून सांगावा आणि डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

किद्दुशचंही, म्हणजे शब्बाथ-सणाला द्राक्षारसावर म्हणायच्या आशीर्वादाचंही, लेखी ठेव. बाहेरून आलेल्या रब्बायला शनिवारी दुपारी 'लखायिम' म्हणत व्हिस्कीची बाटली काढणाऱ्या मंडळींची सवय असते. तुमच्याकडे द्राक्षाचा रस, वल्हांडणाच्या चारही पेल्यांना तोच, पुरीमच्या सणालाही तोच, भाड्यानं दिलेल्या सभागृहातल्या लग्नालाही तोच. आशीर्वाद तोच, काही उणं होत नाही. आपल्या बेने इस्राएल घरांत तर काळ्या मनुका भिजवून केलेल्या शरबतावर पिढ्यान् पिढ्या किद्दुश झाला आहे. कोकणातल्या बायकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता, हे तुझ्या समितीला जरूर सांग.

तारखांकडे बघ. अमेरिकेत रब्बायचे करार बहुधा 1 जुलैला सुरू होतात. 2026 मध्ये रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतं, म्हणजे नव्या माणसाला दहा आठवडे. त्यात त्यानं देणगीदारांच्या घरी जेवायला जाऊ नये. रोज सकाळच्या गटात मागच्या खुर्चीत बसावं, निवाशांची नावं शिकावीत, रात्रपाळीही दोनदा करावी. उमेदवार मनासारखा मिळाला नाही तर वर्षभरासाठी हंगामी रब्बाय आणा, पण तो पुढं कायमपदासाठी उमेदवार नसेल हे करारात लिहा. घाईनं घरातल्याच 'दुसऱ्या क्रमांकाला' बसवलं की त्याच्या जागी कुणी उरत नाही, आणि दोन खुर्च्या रिकाम्या होतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. केंद्राच्या परवान्यावर कुणाचं नाव आहे ते पाहा आणि बदल राज्याच्या आरोग्यसेवा विभागाला वेळेत कळवा. बँकेच्या सह्या, पासवर्ड, विमा. नव्या रब्बायचा घरभत्ता करमुक्त राहायचा तर विश्वस्तांचा ठराव पगार सुरू होण्याआधी हवा, मागाहून केलेला ठराव चालत नाही. रब्बायचा स्वेच्छानिधी संस्थेचा असतो, त्यांचा नव्हे. त्यातून कुणाचं भाडं, कुणाचा जामीन, कुणाचे दात असं बरंच चाललेलं असतं. चालू असलेली प्रत्येक मदत कोण आणि कधीपर्यंत देणार हे ठरवूनच खातं बंद करा.

संस्थापकांनी पदानंतर काय करायचं, हे त्यांच्या निरोपाच्या भाषणावर सोडू नकोस. हस्तांतरानंतर वर्षभर बीमावर नाही. लग्न, अंत्यविधी, नामकरण फक्त नव्या रब्बायच्या निमंत्रणावरून. फोन आलाच तर प्रेमानं एकच उत्तर: "तुझा आवाज ऐकून बरं वाटलं, आता मी तुला अमक्याला जोडून देतो." आणि तिथल्या तिथं जोडून द्यायचं. हे कठोर वाटेल. दारू सोडणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, तिची दुसरी परंपरा सांगते की नेते हे विश्वासू सेवक, राज्यकर्ते नव्हेत. तिथंही सहसंस्थापक बिल विल्सन यांनी एका दिवसात हात काढला नाही. 1951 मध्ये सभासदांच्या प्रतिनिधींची परिषद प्रयोग म्हणून सुरू झाली आणि 1955 च्या जुलैत सेंट लुइसच्या मेळाव्यात सूत्रं तिच्या हाती दिली गेली. चार वर्षं परिषदेचा सराव झाला, मग हस्तांतर. पुण्याच्या मुक्तांगणाचंही बघ. 1986 मध्ये सुरू झालेलं ते केंद्र 1997 मध्ये संस्थापक डॉ. अनिता अवचट गेल्या, तरी थांबलं नाही.

राहिली तशुवा, म्हणजे पश्चात्ताप आणि भरपाई. जाणाऱ्या माणसाकडे हिशेब असतातच: कुणाला रागानं बाहेर काढलं, कुण्या कर्मचाऱ्याचा अपमान केला. मध्ययुगीन धर्मपंडित रामबाम सांगतात की दुखावलेला माणूस मानला नाही तर तीन-तीन मित्रांना घेऊन तीनदा त्याच्याकडे जावं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची आठवी-नववी पायरी यापेक्षा फार वेगळं सांगत नाही, फक्त समोरच्याला नव्यानं इजा होणार असेल तर जाऊ नये असं बजावते. रब्बायांनी हे त्यांच्या शेवटच्या एलुलमध्ये, एकेकाच्या घरी जाऊन करावं. जाहीर कबुलीचा कार्यक्रम करू नका. तो ऐकणाऱ्यांच्या टाळ्यांसाठी होतो, आणि दुखावलेला माणूस शेवटच्या रांगेत बसून राहतो. नव्या रब्बायनं जुन्याच्या वतीनं माफी मागायची नाही, ती त्याची नव्हेच.

हस्तांतरासाठी मी सिमखात तोराचा, म्हणजे तोरावाचनाचं वर्षाचं चक्र पुरं होण्याचा, दिवस सुचवेन. नवे रब्बाय तोवर तीन महिने कामात मुरलेले असतील. त्या दिवशी मोशेच्या मृत्यूचा शेवटचा उतारा वाचून होतो आणि लगेच उत्पत्तीचं 'प्रारंभी' सुरू होतं. जुन्या रब्बायांनी शेवट वाचावा, नव्यानं आरंभ. तोराची गुंडाळी धरायला एखाद्या देणगीदाराऐवजी तीस दिवस पूर्ण केलेला निवासी उभा कर. आदल्या रात्री जुन्या रब्बायांना एकदा विचारून घे, यादीतली किती नावं अजून जोडायची राहिली आहेत. एकही राहिलं असेल, तर तो फोन त्याच रात्री व्हायला हवा.

तुझा,
काका