काटकसर आणि कपात

तासगावच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, केंद्रीय अर्थसंकल्पाच्या चर्चेत ‘खर्चात काटकसर’ आणि ‘खर्चात कपात’ हे प्रयोग सर्रास एकाच अर्थाने येतात, ते तसे वापरावेत का. माझ्या मते वापरू नयेत.

‘काटकसर’मधील ‘कसर’ मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ उणीव किंवा तूट; ‘कसर भरून काढणे’ यात तोच आहे. मात्र काटकसरीत हात आखडता घेणारा आणि त्याची झळ सोसणारा एकच असतो. आमची आजी स्वयंपाक उरकला की चुलीतली अर्धवट जळालेली लाकडे पाणी शिंपडून विझवी आणि संध्याकाळी तीच पुन्हा लावी. भाकऱ्या तेवढ्याच होत, सरपण कमी लागे. कपात मात्र बहुधा दुसऱ्याच्या हातून होते. ऊसबिलातून सोसायटीचे कर्ज वळते होते, तेव्हा सांगली-साताऱ्याचा शेतकरी ‘कपात झाली’ म्हणतो; त्याला काटकसर म्हणण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काढलेल्या आदेशात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिसतात. अधिकाऱ्यांनी विमानाच्या पहिल्या वर्गाने प्रवास करू नये, पंचतारांकित हॉटेलांत बैठका घेऊ नयेत, ही काटकसर. तर वेतन, निवृत्तिवेतन, व्याज अशा बाबी वगळून योजनेतर खर्च, म्हणजे पंचवार्षिक योजनांबाहेरचा सरकारी खर्च, १० टक्क्यांनी खाली आणणे, ही कपात. एखाद्या योजनेचे अनुदान घटवून त्यालाही काटकसर म्हटले, तर ज्याचे अनुदान गेले तो माणूस वाक्यातूनच नाहीसा होतो, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

संसदीय परिभाषेत ‘काटकसर कपात’ असा जोडप्रयोग आहे, तो मात्र बिनचूक आहे. लोकसभेत अनुदानाच्या मागणीवर, म्हणजे खात्याच्या खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेल्या रकमेवर, तीन प्रकारच्या कपात सूचना मांडता येतात: धोरणच अमान्य असल्यास मागणी १ रुपयावर आणावी, विशिष्ट गाऱ्हाणे मांडायचे असल्यास ती १०० रुपयांनी कमी करावी, आणि खर्च वाचवता येईल असे वाटल्यास ठरावीक रकमेने घटवावी. हा शेवटचा प्रकार म्हणजे काटकसर कपात. त्यात कपात सभागृह करते, काटकसर खात्याने करायची असते.

‘उधळपट्टी’ हा शब्दही जपून वापरावा, कारण त्यात उधळणाऱ्यावर ठपका येतो. पूल बांधून झाला आणि जोडरस्ताच झाला नाही, तर तो ‘निष्फळ खर्च’. लेखापरीक्षणात हाच शब्द रूढ आहे.