राखणीच्या कुत्र्याची दिवसपाळी

राखणीच्या कुत्र्यांविषयी आलेल्या पत्रांतली पाच आज घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, कारण त्यातली चूक मला जवळजवळ प्रत्येक आवारात दिसते.

गोदामावर ३ वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे. दिवसा फाटकापाशी साखळीला असतो, रात्री मोकळा सोडतो. दिवसा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतो आणि रात्री झोपा काढतो. कुत्रा बदलावा का?

कुत्रा बदलू नका, त्याची जागा बदला. वाढ पूर्ण झालेला कुत्रा २४ तासांत साधारण १२ ते १४ तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्यानं. फाटकापाशी बांधलेल्याला ही झोप मिळणार कुठून? ट्रक आला, उठला. हमाल आले, उठला. कोणी नुसतं फाटक वाजवलं, तरी उठला. तुम्हाला तो दिवसभर पडून असल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो दिवसपाळी करून रात्रपाळीला उभा राहतो आहे.

साखळीनं होणारं नुकसान झोपेवर थांबत नाही. अनोळखी माणूस दिसला की मोकळा कुत्रा पुढे जाऊन हुंगतो किंवा मागे सरतो. बांधलेल्याला दोन्ही जमत नाही, त्याच्याकडे भुंकणं आणि झेपावणं एवढंच उरतं. माणूस आपल्या कामानं पुढे निघून जातो, पण कुत्र्याच्या डोक्यात बसतं की आपण भुंकलो म्हणून गेला. दिवसातून पन्नास वेळा हा धडा गिरवला की तो हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर भुंकायला लागतो. मग खरोखरच चोर आला, तरी भुंकणं तेच. ते ऐकून तुम्ही तरी अंथरुणातून उठाल का?

दिवसा त्याला फाटकापासून दूर, रस्ता दिसणार नाही अशी सावलीची बंदिस्त जागा द्या. त्या वेळात तिथे कोणी जायचं नाही, हाक मारायची नाही. संध्याकाळी अर्धा तास फिरवा आणि मनसोक्त हुंगू द्या. मग रोज एकाच माणसानं त्याला कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारून आणावी. रात्रीच्या हद्दीची ओळख त्याला या फेरीतूनच होते.

आणि रात्री आवारात माणूस हवाच. ब्रिटनमध्ये १९७५ साली राखणीच्या कुत्र्यांसाठी कायदा झाला. हाताळणाऱ्याच्या ताब्यात असल्याशिवाय कुत्रा आवारात मोकळा ठेवायचा नाही आणि प्रत्येक प्रवेशद्वाराशी तशी पाटी लावायची, असं तो सांगतो. नियम माणसांच्या सुरक्षेचा असला, तरी कुत्र्याचंही त्यात भलं आहे. कोणी भिंतीवरून विषाचा तुकडा टाकला, पाय तारेत अडकला, तर पाहायला कोणीतरी असतं. कुत्र्याचं काम वर्दी देण्याचं. त्यापुढचं काम माणसाचं, ते त्याच्यावर ढकलू नये.

रात्री उपाशी ठेवलं की कुत्रा तल्लख राहतो, असं जुने रखवालदार सांगतात. आम्ही सकाळी एकदाच भरपूर घालतो. बरोबर आहे ना?

नाही. उपाशी कुत्र्याचं लक्ष अन्नावर असतं, कुंपणावर नसतं. भिंतीपलीकडून पडलेला तुकडा तो आधी गिळतो.

दुसरा धोका याहून मोठा आहे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना, म्हणजे शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन यांना, दिवसाचं सगळं अन्न एकाच वेळी घातलं तर जठरात वायू साठून जठराला पीळ पडण्याची भीती वाढते. ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, लाळ गळते, एका जागी बसवत नाही. यातलं काही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा. काही तासांत कुत्रा हातचा जातो. अन्न दोनदा विभागून द्या, जेवणानंतर तासभर धावपळ नको, आणि स्वच्छ पाणी रात्रभर समोर हवं.

आमचा रॉटवायलर १४ महिन्यांचा आहे. कामगारांची मुलं त्याच्याशी खेळतात. लाडानं तो राखण विसरेल का? झटका देणारा पट्टा घालून त्याला कडक करा, असं एकानं सुचवलं आहे.

लाडानं राखण विसरत नाही. नेहमीचं काय ते ज्याला माहीत आहे, त्यालाच वेगळं काय ते कळतं. म्हणून पिल्लू ३ ते १४ आठवड्यांचं असताना त्याला जितकी माणसं, आवाज आणि वाहनं दाखवाल, तितका तो पुढे शहाणा रखवालदार होतो. घाबरून वाढलेला कुत्रा सगळ्यांनाच चावायला बघतो.

तो पट्टा मात्र हातात धरू नका. झटका बसला तेव्हा समोर मूल असेल, तर कुत्रा ती वेदना त्या मुलाच्या नावावर लिहितो. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बेकायदा आहेत. गुरगुरला म्हणूनही मारू नका. गुरगुरणं हा इशारा असतो. मार खाऊन इशारा देणं सोडलेला कुत्रा थेट चावतो, आणि अशा कुत्र्यांची मला खरोखर भीती वाटते. मुलांचं खेळणं मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच होऊ द्या.

मेंढ्यांच्या राखणीसाठी कुत्रा तयार करायचा आहे. प्रौढ कुत्रा आणून कळपात सोडला तर चालेल?

बहुतेक वेळा नाही. तुर्कस्तानातला कंगाल किंवा इटलीतला मारेम्मा या जातींचे कुत्रे पिल्लू असतानाच मेंढ्यांच्या सहवासात वाढवतात. त्या वयात जडलेली ओळख आयुष्यभर टिकते, आणि कळप हेच त्याचं घर होतं. पिल्लाला आईपासून ८ आठवड्यांआधी तोडू नका. वर्षभराचं झालं की ते खेळता खेळता कोकरांच्या मागे धावेल. तेव्हा ते बिघडलं असं समजू नका, फक्त जवळ राहून थांबवा. दोन वर्षांपर्यंत त्याच्यावर पूर्ण भिस्त टाकू नका. लांडग्यांचा भाग असेल तर एकट्या कुत्र्याला पाठवणं अन्याय आहे. किमान दोन तरी हवेत, आणि गळ्याला काटेरी पट्टा. त्याचे काटे बाहेरच्या बाजूला असतात, लांडग्याच्या जबड्यासाठी.

९ वर्षं इमानानं राखण केली. आता ऐकू कमी येतं, कोपरांवर घट्टे पडलेत, उठताना कण्हतो. दुसरा आणला तर याचं काय करायचं?

मोठ्या जातीचा कुत्रा ७-८ वर्षांनी म्हातारा होतो, तेव्हा तुमच्या कुत्र्यानं हक्काच्या वयापलीकडे काम केलं आहे. आधी खुबे, दात आणि डोळे तपासून घ्या. कण्हणं हे वय नव्हे, दुखणं असतं, आणि त्यावर औषध आहे. घट्टे सिमेंटवर झोपल्यामुळे पडतात. जाड गादी घाला आणि ती जमिनीपासून थोडी उचललेली ठेवा.

रात्रपाळी बंद करा, पण त्याला मागच्या खोलीत कोंडू नका. सकाळची कुंपणाची फेरी त्याच्याकडेच राहू द्या, सावकाश, तुमच्याबरोबर. नवं पिल्लू त्याच फेरीला मागून येऊ द्या, ते त्याच्याकडूनच पुष्कळ शिकेल. मात्र म्हाताऱ्याला झोपेत हात लावू नका. ऐकू न येणारा कुत्रा दचकून चावतो आणि मग स्वतःच कावराबावरा होतो. जवळ जाण्याआधी जमिनीवर हलकेच पाय आपटा. त्याला ते कळतं.