गोल्फ क्लबचा शाफ्ट घरच्या घरी बदलता येतो का?

हो, आयर्नचा (धातूच्या चपट्या हेडच्या क्लबचा) शाफ्ट, म्हणजे दांडा, घरी नक्की बदलता येतो; मुख्यतः व्हाइस (शिकंजा), हीट गन आणि दोन भागांचं इपॉक्सी (मिसळून लावायचा गोंद) लागतं. मी माझे आयर्न असेच बसवतो, आणि सगळी मेहनत चिकटवण्याआधीची असते. आधी होझेलचं (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिचं) भोक मोजा: आयर्नमध्ये ते बहुतेक ०.३७० इंच सरळ किंवा ०.३५५ इंच निमुळतं असतं, नवा शाफ्ट त्याच मापाचा हवा. जुना स्टीलचा असेल तर होझेल तापवून पिळून काढा. ग्राफाइटचा (कार्बन तंतूंचा) पुन्हा वापरायचा असेल तर अजिबात पिळू नका, सरळ रेषेतच ओढा. पिळला की आतले तंतू तुटतात. मग होझेलमधला जुना गोंद पूर्ण खरवडा आणि नव्या शाफ्टचं टोक सँडपेपरने चमक जाईपर्यंत घासा. ग्राफाइटवर फक्त वरचा रंग काढायचा, तंतूंना धक्का नको. फेरूल, म्हणजे होझेलच्या तोंडाशी बसणारं छोटं कडं, चिकटवण्याआधी शाफ्टवर चढवा (घाईत हेच राहतं). चिकटवल्यावर २४ तास हात लावू नका. ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबच्या) हेडला मात्र थेट उष्णता देऊ नका. बऱ्याच नव्या ड्रायव्हरमध्ये स्क्रू काढला की शाफ्ट स्लीव्हसकट (टोकाला चिकटवलेल्या जोडनळीसकट) बाहेर येतो, तिथे फक्त स्लीव्हच बेताने तापवायची.