सुई हलते तेव्हा तू कुठे असतोस?

जळगाव

चि. भाऊस,
सप्रेम आशीर्वाद.

विद्युतचुंबकत्वाच्या इतिहासावरच्या सेमिनारसाठी केलेली तुझी सनावळी मिळाली. 1785 कूलोम, 1800 व्होल्टा, 1820 ओर्स्टेड, 1831 फॅरडे, 1865 मॅक्सवेल, 1888 हर्ट्झ. सनं बरोबर आहेत. पण हे भुसावळ-मनमाड गाडीचं टाइमटेबल झालं. स्टेशनं कळतात, गाडी मध्ये कुठे अडकून पडली ते कळत नाही. या विषयात ती अडकण्याची ठिकाणंच बघण्यासारखी आहेत. सेमिनार त्यांच्यावर कर.

सुरुवात ओर्स्टेडपासून कर, म्हणजे प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते या त्याच्या शोधापासून, तीही हाताने. लाकडी टेबलावर होकायंत्र ठेव, मोबाइल आणि लोखंडी खुर्ची लांब सार. सुई थांबली की तिच्यावर 1 सेंटीमीटर उंचीवर, तिला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण, तांब्याची तार धर. टॉर्चचा मोठा सेल, 1 ओहम 5 वॅटचा रेझिस्टर आणि अँमीटर मालिकेत लाव. प्रवाह 1 अँपिअर मिळाला तर सुईपाशी तारेचं चुंबकीय क्षेत्र 20 मायक्रोटेस्ला (टेस्ला हे या क्षेत्राचं एकक) येतं. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक साधारण 38 मायक्रोटेस्ला आहे. 20 भागिले 38 हा वळण्याच्या कोनाचा टॅन्जंट, म्हणजे सुई सुमारे 28 अंश वळायला हवी. सेल जुना असेल तर प्रवाह अर्ध्यावर येतो आणि कोन 15 अंशांवर. पाच सेकंदांच्या वर जोडून ठेवू नकोस, सेल बसतो.

आता तीच तार पूर्व-पश्चिम धर. सुई ढिम्म. कारण तारेचं क्षेत्र आता पृथ्वीच्या क्षेत्राच्याच रेषेत पडलं, मग सुईने वळावं कशाला? त्या काळी माहीत असलेली बलं दोन वस्तूंना जोडणाऱ्या सरळ रेषेत ओढायची किंवा ढकलायची. हे बल तारेभोवती फिरत होतं. सुई वळली यापेक्षा ती आडवी वळली, हा खरा धक्का होता. फ्रान्सचा अँपिअर 1820 च्याच सप्टेंबरात कामाला लागला आणि एकाच दिशेने वाहणारे दोन समांतर प्रवाह एकमेकांना ओढतात हे त्याने दाखवलं.

मग साहजिकच उलटा प्रश्न आला: प्रवाहातून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकातून प्रवाह का मिळू नये? इथे अकरा वर्षं गेली. 1825 मध्ये जिनिव्हात कोलादाँ या शास्त्रज्ञाने तारेच्या गुंडाळीत चुंबक घातला. चुंबकाचा थेट परिणाम सुईवर होऊ नये म्हणून गॅल्व्हानोमीटर (बारीक प्रवाह काट्याने दाखवणारा मापक) त्याने दुसऱ्या खोलीत ठेवला होता. काळजी रास्तच होती. चुंबक आत सारून तो पलीकडच्या खोलीत गेला, तोवर काटा शून्यावर परतलेला. त्या काळी सगळेच टिकून राहणारा प्रवाह शोधत होते आणि इथे प्रवाह फक्त बदलाच्या क्षणापुरता होता.

29 ऑगस्ट 1831 ला फॅरडेने सुमारे 15 सेंटीमीटर व्यासाच्या लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या गुंडाळ्या घेतल्या, एकीला बॅटरी, दुसरीच्या तारेपाशी चुंबकसुई. बॅटरी जोडताना सुई हलली आणि जागेवर आली, तोडताना पुन्हा हलली. मधल्या वेळात काही नाही.

हेही करून बघ. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून 28 गेजची इनॅमल तार आण. 10 मिलिमीटरच्या लोखंडी सळईवर 300 वेढे, त्यांच्यावर कागद, कागदावर आणखी 300. एका गुंडाळीला सेल, दुसरीला मापक. टोकांचं इनॅमल ब्लेडने खरवडून तांबं उघडं कर. निम्म्या मुलांचा प्रयोग इथेच फसतो, आणि दोष सेलला जातो. डिजिटल मल्टिमीटर वापरू नकोस. तो सेकंदाला दोन-तीनदाच वाचन घेतो, झटका मधल्या फटीत निसटतो, म्हणजे तुझा कोलादाँ झाला. मध्ये शून्य असलेला काट्याचा गॅल्व्हानोमीटर कॉलेजच्या लॅबमधून माग. त्याच एका निरीक्षणावर भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचं जनित्र मिनिटाला 3000 फेरे मारतंय: दोन ध्रुव, म्हणून 50 हर्ट्झ.

मॅक्सवेलबद्दल मात्र सावध राहा. कपॅसिटरच्या दोन पट्ट्या दाखवून 'मध्ये विस्थापन प्रवाह हवा' असं पुस्तकं सिद्ध करतात (म्हणजे बदलत्या विद्युत क्षेत्रालाच प्रवाहासारखं धरणारी राशी). ही मांडणी नंतरची आणि सोयीची आहे. 1861-62 मध्ये मॅक्सवेल तिथे पोचला तो फिरत्या भोवऱ्यांच्या एका यांत्रिक प्रतिमानातून. प्रतिमान पुढे त्याने बाजूला ठेवलं, ती राशी ठेवली. ती किती मोठी असते ते कागदावर बघ: मळ्यातल्या सिंगल फेज मोटारीसारखा 36 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झला जोडला असं धर. प्रवाह 2.6 अँपिअर येतो, आणि आत पट्ट्यांमध्ये तर प्लास्टिकची फिल्म! त्यातला काही वाटा प्लास्टिकच्या रेणूंतला भार सरकण्याचा असतो, पण पोकळी ठेवली तरी उरतो तो खास मॅक्सवेलचा. खराखुरा कपॅसिटर उघडू नकोस, वीज बंद केल्यावरही तो भरलेला असू शकतो.

सेमिनारचा कळस वेबर आणि कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञांना दे. 1856 मध्ये त्यांनी विजेच्या दोन एकक-पद्धतींचं (एक स्थिर भारावरून, दुसरी प्रवाहाच्या चुंबकत्वावरून) गुणोत्तर मोजलं. वेबरच्या व्याख्येने आकडा आला सेकंदाला 4,39,450 किलोमीटर. प्रकाशाची आठवणही येऊ नये असा. त्याला 2 च्या वर्गमुळाने भाग: 3,10,740. फिझोने 1849 मध्ये मोजलेला प्रकाशाचा वेग होता सुमारे 3,15,000. व्याख्येतल्या एका वर्गमुळाआड प्रकाश दडून बसला होता! कीर्खहोफला 1857 मध्ये तारेतल्या लहरींच्या गणितात हे साम्य दिसलं, पण प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर, असं म्हणायला मॅक्सवेल लागला. त्याच्या 1865 च्या निबंधात 20 समीकरणं आहेत. आज तू पाठ करतोस त्या चार ओळी हेविसाइडच्या हातच्या, 1885 च्या सुमाराच्या. 'मॅक्सवेलने चार समीकरणं लिहिली' असं स्लाइडवर लिहू नकोस.

या लहरी प्रयोगाने दाखवणाऱ्या हर्ट्झला एक स्लाइड पुरे. 1895 चे कोलकात्याचे जगदीशचंद्र बोस आणि त्यांच्या मिलिमीटर लहरी मात्र गाळू नकोस. आइनस्टाइनचा 1905 चा निबंध चुंबक आणि वाहक (आपल्या प्रयोगात गुंडाळी) यांच्यापासूनच सुरू होतो: चुंबक हलवला काय, गुंडाळी हलवली काय, प्रवाह तोच, मग स्पष्टीकरणं दोन का? म्हणून सळईचा प्रयोग शेवटी पुन्हा दाखव. फक्त या वेळी सेल काढ, सळईही काढ, चुंबक एका जागी ठेव आणि गुंडाळी त्याच्यावर सरकव.

कच्चा मसुदा झाला की पाठव.

तुझे
सर