रामवाडीच्या पुढे काय?

या महिन्यात आलेली बरीच पत्रं पुण्याच्या पूर्वेकडच्या खराडीवर आहेत. त्यातली तीन घेतो. मी पीएमटीच्या, म्हणजे पुण्याच्या तेव्हाच्या शहर बससेवेच्या, वेळापत्रक विभागात नोकरीला लागलो. २००७ मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली तेव्हा त्याच टेबलावर होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे कुठलाही रस्ता पाहिला की मी त्यावरून बसची एक फेरी किती मिनिटांत होईल याचा हिशेब आधी करतो. उत्तरं त्या नजरेनं दिलेली आहेत.

प्रश्न : मी कोथरूडला राहते. ऑफिस खराडीत, नदीच्या बाजूला. वनाजहून रामवाडीला मेट्रोनं चाळीस मिनिटांच्या आत पोचते, बसायलाही मिळतं. पण रामवाडीहून पुढे रिक्षाला कधी वीस मिनिटं लागतात, कधी पन्नास. घरी सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. मिस्टर म्हणतात खराडीतच फ्लॅट घेऊन टाकू, मेट्रो तिथेही येणारच आहे. घ्यावा का?
— एक वाचक, कोथरूड

ताई, तुमच्या पत्रात ‘कधी वीस, कधी पन्नास’ असं आहे. सगळं दुखणं तिथेच आहे. माणूस लांबच्या प्रवासाला सरावतो, बेभरवशाच्या प्रवासाला सरावत नाही. वीसचे पन्नास होऊ शकतात म्हटल्यावर तुम्ही रोज पन्नास धरूनच निघत असणार. ती वरची तीस मिनिटं मुलाच्या आवरण्यातून आणि तुमच्या सकाळच्या चहातून जातात.

हे असं का होतं, ते खराडीच्या जागेतच आहे. उत्तरेला लोहगावचा विमानतळ, दक्षिणेला मुळा-मुठा. मधल्या पट्ट्यातून पूर्व-पश्चिम जायचं तर नगर रस्ता, आणि नदी ओलांडायची तर मुंढव्याचा पूल. वाघोलीहून येणारा, हडपसरहून येणारा आणि तुमच्यासारखा पुण्यातून येणारा, सगळे खराडी बायपासच्या चौकात नाही तर त्याच्या आसपास एकमेकांना भेटतात. २३ गावं १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली त्यात खराडी होती. तेव्हाचे शिवाराचे रस्ते आणि आजच्या काचेच्या इमारती, यांच्यामध्ये जे छोट्या रस्त्यांचं जाळं विणायला हवं होतं ते विणलंच गेलं नाही. मोठमोठे भूखंड, भोवती उंच कुंपण आणि फाटकं मोजकी. सगळ्यांना त्याच दोन रस्त्यांवर यावं लागतं.

आता त्या फाटकाचं सांगतो. माझा भाचा तिथल्या एका संकुलात नोकरीला आहे. त्याला सोडायला गेलो तेव्हा गाडी तासभर अडकली. म्हणून पुढच्या मंगळवारी घड्याळ घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. फाटकावर दोन मार्गिका होत्या. गाडी थांबते, पहारेकरी ओळखपत्र बघतो, दुसरा खाली आरसा फिरवतो, डिकी उघडायला लावतो, मग दांडा वर जातो. सरासरी बारा सेकंद. म्हणजे एका मार्गिकेतून तासाला ३०० गाड्या, दोन्हींतून ६००. नऊ ते दहाच्या दरम्यान तिथे हजार गाड्या येत असतील तर ४०० गाड्या दहा वाजता बाहेरच उभ्या. एका गाडीला सहा मीटर धरा, २,४०० मीटरची रांग झाली. दोन रांगा केल्या तरी सव्वा किलोमीटर. पार चौकापर्यंत. त्या रांगेत जी माणसं बसलेली असतात, एका गाडीत सव्वा ते दीड या हिशेबानं पाचशे-सहाशे, ती नऊ-दहा बसमध्ये मावतात. दहा बस एकामागे एक लावल्या तर १२० मीटर. तुमची रिक्षा ज्या दिवशी पन्नास मिनिटं घेते, त्या दिवशी ती बहुधा अशाच कुणाच्या तरी फाटकाच्या रांगेत असते. रस्ता अपुरा आहे असं आपण म्हणतो. मला तर ती गाडी तपासण्याची रांगच दिसते, आणि ती महापालिकेच्या रस्त्यावर लावलेली असते.

मेट्रोचं म्हणाल तर रामवाडीपर्यंतचा टप्पा ६ मार्च २०२४ रोजी सुरू झाला. पुढचा रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी हा मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये मंजूर केला. वनाज ते चांदणी चौक हा तुकडा धरून १२.७५ किलोमीटर आणि १३ स्थानकं, मुदत चार वर्षांची. खराडीहून हडपसर, स्वारगेट करत खडकवासल्याला जाणारा वेगळा मार्गही नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झाला आहे. म्हणजे मिस्टर म्हणतात ते खरं आहे, मेट्रो येणार आहे. पण सगळं वेळेत झालं तरी मुलगा तोवर माध्यमिक शाळेत गेलेला असेल. आणि खांब उभे राहतात त्या वर्षांत नगर रस्त्याची एकेक मार्गिका पत्र्यांच्या आड जाते, हे कर्वे रस्त्यावर तुम्ही स्वतः सोसलेलं आहे. शिवाय वाघोलीचा मार्ग नगर रस्त्यावरून जाणार. तुमचं ऑफिस नदीकडे. खराडी बायपासला उतरलात तरी पुढचे दोन-तीन किलोमीटर उरतातच.

माझं मत विचाराल तर आत्ता फ्लॅट घेऊ नका. सासूबाईंचं कोथरूडमधलं सगळं सोडून, मुलाची शाळा बदलून, फक्त रामवाडीच्या पुढच्या पाच किलोमीटरसाठी आयुष्यभराचं कर्ज घेणं मला पटत नाही. फारच वाटलं तर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं राहून बघा, त्यातही एक पावसाळा यायला हवा. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या ऑफिसात रामवाडीहून येणारे किती जण आहेत याची यादी काढा. चाळीस-पन्नास नावं सहज निघतील. ती घेऊन कंपनीच्या प्रशासन विभागाकडे जा आणि घरापासूनच्या कॅबऐवजी रामवाडी स्थानकाहून मिनीबस मागा. घरोघरी कॅब फिरवण्यापेक्षा एका स्थानकावरून मिनीबसच्या फेऱ्या मारणं कंपनीला स्वस्त पडतं. आणि ती बस संकुलाच्या दारात थेट आत जाऊ द्या असंही त्याच अर्जात लिहा. एवढं मिळालं की ‘कधी पन्नास’चे निदान तीस होतील, आणि मुख्य म्हणजे रोज तीसच होतील.

प्रश्न : माझं घर मूळ खराडी गावातलं. समोरचा रस्ता दोनदा रुंद झाला. पहिल्यांदा अंगणातली चिंच गेली, दुसऱ्यांदा ओटा. दोन्ही वेळा आम्ही विरोध केला नाही, गावाचं भलं होईल म्हणून. कोंडी मात्र होती तशीच आहे. आता पुन्हा मोजणीवाले येऊन गेले. रस्ता रुंद करून कोंडी सुटते का, खरं सांगा.
— एक ज्येष्ठ वाचक, खराडी

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चिंच आणि ओटा देऊन तुम्ही शहराला जे दिलं, त्याचा हिशेब तुम्हाला कुणीतरी द्यायला हवा होता.

तेल ओतायचं नरसाळं घ्या. वरचं तोंड कितीही मोठं केलं तरी तेल खालच्या नळीएवढंच उतरतं. रस्त्याची नळी म्हणजे चौक. सिग्नलला एका मार्गिकेतून, दिवा सलग हिरवा राहिला असता तर, तासाला साधारण १,८०० गाड्या गेल्या असत्या. पण हिरवा तासातल्या चोवीस मिनिटांनाच मिळतो, म्हणून जातात ७०० ते ७५०. मधला रस्ता चौपदरीचा सहापदरी केला आणि चौकात मात्र हातगाड्या, थांबलेल्या रिक्षा आणि वळणाऱ्या टँकरमुळे दोनच पदर मोकळे राहिले, तर वाढलेल्या दोन पदरांत गाड्या फक्त उभ्या राहतात. तुमच्या ओट्याच्या जागेवर आज तेच चालू असेल.

दुसरं कारण मला माझ्या टेबलावर कळलं. रामवाडी ते नदीकाठ आणि परत अशी फेरी पन्नास मिनिटांत होत असेल तर दहा बस लावून मी दर पाच मिनिटाला बस देऊ शकतो. कोंडीमुळे तीच फेरी ऐंशी मिनिटांची झाली की त्याच दहा बस दर आठ मिनिटांवर जातात. त्यात दोन एकदम येतात, मग पंधरा मिनिटं काहीच नाही. थांब्यावरचा माणूस दोन दिवस बघतो आणि तिसऱ्या दिवशी दुचाकी काढतो. त्या दुचाकीनं कोंडी आणखी वाढते, फेरी नव्वदवर जाते. तुमच्यासमोरचा रुंद झालेला पदर बसला दिला असता तर हे उलटं फिरलं असतं. पुण्यानं २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, आणली ती याच विचारानं. मार्गिका अर्धवट राहिल्या, पादचाऱ्याला मधल्या थांब्यापर्यंत धड पोचता येईना, खासगी गाड्या आत घुसू लागल्या आणि लोक बीआरटीच्या नावानं चिडले. कल्पना चुकली नव्हती. ती पुरी केली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा या वेळी मोजणीवाले आले की त्यांना दोनच गोष्टी लेखी विचारा. वाढणाऱ्या रुंदीत पदपथ किती आणि बसला किती? आणि पुढच्या चौकाचं काय करणार? या दोन्हींचं उत्तर नकाशावर दाखवता आलं नाही तर जागा देण्याआधी हरकत नोंदवा. हरकत घेणं म्हणजे गावाच्या आड येणं नव्हे.

प्रश्न : स्टेशनजवळ ऑफिस असलं की लोक चालत जातील असं म्हणतात. आमच्या कंपनीची नवी जागा बसथांब्यापासून २०० मीटरवर आहे, तरी सगळे गाडीच आणतात. पुणेकरांना चालायची सवयच नाही का?
— एक वाचक, विमाननगर

सवयीला दोष देऊ नका. मेट्रो स्थानकाच्या ५०० मीटरच्या आत जास्त एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा, देण्याची तरतूद राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत आहे. मागचा विचार चांगला आहे : माणूस सहा-सात मिनिटांत चालत पोचेल, गाडी घरी ठेवील. पण ते ५०० मीटर नकाशावर कंपास ठेवून मोजतात. पायांनी मोजलं की वेगळंच निघतं.

गेल्या ऑगस्टमध्ये मी असंच एक अंतर चाललो. संकुलाचं नाव सांगत नाही. थांब्यावरून इमारत समोर दिसत होती, दोनशे मीटरही नसेल. त्या बाजूला फाटक होतं, त्याला कुलूप. पहारेकऱ्यानं अगदी सौजन्यानं सांगितलं, “काका, हे फक्त आग लागली तर उघडायचं. तुम्ही पुढून या.” पुढून म्हणजे कुंपणाला पूर्ण वळसा, चौदा मिनिटं. पदपथ मध्येच संपला, तिथे विजेच्या डीपीचा खोका. पुढे चेंबरचं झाकण वर आलेलं आणि भोवती पाणी. माझ्यापुढे एक मुलगी चालली होती, पाठीला लॅपटॉप, एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात बूट. कोपऱ्यावर तिनं कठड्याला टेकून पाय पुसले, बूट चढवले आणि मग ती ओळखपत्र दाखवून आत गेली. तिला उद्या कुणी गाडीतून सोडतो म्हणालं तर ती नाही कशाला म्हणेल?

तुमच्या नव्या जागेचा थांब्याकडचा दरवाजा उघडा आहे का, ते आधी बघा. बंद असेल तर मालकाशी बोलून ओळखपत्रावर उघडणारं छोटं फिरतं दार तिथे बसवून घ्या आणि सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते नऊ तिथे एक माणूस ठेवा. दाराबाहेरच्या पदपथासाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, सोबत फोटो आणि मीटरमध्ये मोजलेलं अंतर जोडा. नुसतं ‘पदपथ खराब आहे’ असं लिहिलेला अर्ज पडून राहतो. ‘थांब्यापासून ८५ मीटरवर झाकण वर आलेलं आहे’ असं लिहिलं की तो एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या नावावर चढतो. तीन महिन्यांनी किती जण चालत येतात ते मोजा आणि मला कळवा. आकडा या पानावर छापू.