जोहोरची स्वस्त खोली खरंच स्वस्त पडेल का?

प्रश्न: आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. मे महिन्यात मी, मिस्टर, 11 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई असे सिंगापूरला 5 रात्रींसाठी जाणार आहोत. एकूण बजेट 4 लाख. राहण्याचे चार पर्याय आहेत. लिटल इंडियात चौघांची फॅमिली रूम 230 सिंगापूर डॉलर++, ऑर्चर्डला दोन खोल्या प्रत्येकी 190 डॉलर++, मलेशियाच्या हद्दीत जोहोर बाहरूला दोन खोल्या प्रत्येकी 4,500 रुपये, आणि भाच्याने शोधलेला सिंगापूरमधला फ्लॅट, रात्रीचे 12,000. शिवाय 1 लाख कमी पडतात. 2 लाखांची 3 वर्षांची एफडी ऑगस्टमध्ये पूर्ण होते. ती मोडू की कार्डावर ईएमआय करू?

उत्तर: ताई, आधी फ्लॅट यादीतून काढा. सिंगापूरमध्ये खासगी घर 3 महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि सरकारी एचडीबी घरांसाठी ही मर्यादा 6 महिन्यांची आहे. दंड मालकाला होतो हे खरं, पण ऐन वेळी त्याने दार उघडलं नाही तर सासूबाई आणि बॅगा घेऊन रस्त्यावर तुम्ही उभ्या असाल. शिवाय इमिग्रेशनच्या अर्जात राहण्याचा पत्ता लिहावा लागतो. तिथे असा पत्ता लिहायची वेळच नको.

आता ते ++. हे चिन्ह दिसलं की भाड्यावर आधी 10 टक्के सर्व्हिस चार्ज लागतो आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. म्हणजे 19 नाही, 19.9 टक्के. तुमची 230 ची खोली 276 डॉलरला पडते. सिंगापूर डॉलर 70 रुपये धरला तर 5 रात्रींचे साधारण 96,500 रुपये. ऑर्चर्डच्या दोन खोल्या याच हिशोबाने 1,59,500. जोहोरच्या 45,000. बुकिंगच्या साइटवर पहिल्या पानावरचा आकडा कधीच धरू नका. पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पानावर कर धरून जो आकडा येतो तोच कागदावर मांडा.

कागदावर जोहोर 51,500 रुपयांनी जिंकतं, रोजचे 10,300. पण जोहोर हे सिंगापूरचं उपनगर नव्हे, तो दुसरा देश आहे. रोज सकाळी मलेशियातून बाहेर पडायची तपासणी, सिंगापूरमध्ये शिरायची तपासणी, संध्याकाळी पुन्हा तेच उलट. दोन देशांना जोडणाऱ्या पुलावर बसमधून दोनदा उतरायचं, रांग लावायची, पुन्हा बस पकडायची. बरा दिवस असेल तर यात तास जातो. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी त्याहून बराच जास्त. पुढे वुडलँड्सहून, म्हणजे सिंगापूरच्या सीमेवरच्या भागातून, शहरात यायला मेट्रोने जवळजवळ आणखी एक तास. जाऊन-येऊन 4 तास धरा.

फिरायला मिळतात दिवसाचे 12 तास. 4 लाख भागिले 5, म्हणजे तुमचा एक दिवस 80,000 रुपयांचा आहे. त्याचा तिसरा हिस्सा, 26,000 पेक्षा जास्त, रांगेत घालवून तुम्ही 10,300 वाचवणार. मी तरी हा सौदा करू देणार नाही. त्यात व्हिसा 'सिंगल जर्नी'चा मिळाला, तर एकदा जोहोरला गेल्यावर परत शिरताच येणार नाही. मल्टिपल असला तरी प्रत्येक प्रवेशाला सिंगापूरचं अरायव्हल कार्ड नव्याने भरावं लागतं. (ते फुकट असतं, प्रवेशाआधी 3 दिवसांच्या आत भरायचं. पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.)

राहिले लिटल इंडिया आणि ऑर्चर्ड. लिटल इंडिया स्टेशनवर दोन मेट्रो मार्ग मिळतात. डाउनटाउन लाइन गाडी न बदलता बेफ्रंटला नेते, म्हणजे मरीना बे सँड्स आणि गार्डन्स बाय द बे. नॉर्थ ईस्ट लाइन थेट हार्बरफ्रंटला, म्हणजे सेंटोसा बेटाच्या दारात. वाटेत धोबी घाट नावाचं स्टेशन लागेल, मुलीला दाखवा. ऑर्चर्डहूनही गार्डन्सला थेट गाडी आहे, पण जेवणात फरक पडतो. लिटल इंडियात सेरंगून रोडवर इडली-डोसा, थाळी चालत मिळते आणि सासूबाईंना दोन वेळचं साधं शाकाहारी जेवण शोधत फिरावं लागत नाही. एकच सांगते, रविवारी संध्याकाळी तिथे सुटीवरच्या कामगारांची प्रचंड गर्दी असते. त्या दिवशी सेंटोसाला जा आणि उशिरा परता.

मेट्रोच्या बहुतेक फेऱ्या दीड ते अडीच डॉलरमध्ये होतात. चौघांच्या रोज 3 फेऱ्या धरल्या तर 5 दिवसांचे 8,500 रुपये पुरतात. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकच कार्ड चौघांसाठी टेकवता येत नाही.

माझी काळजी लिटल इंडियाच्या खोलीबद्दल आहे. तिथल्या बजेट हॉटेलांत खोल्या लहान असतात, काहींना खिडकीच नसते. चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ विचारा. आपल्याकडची दहा बाय बाराची खोली म्हणजे जेमतेम 11 चौरस मीटर. चौघं आणि चार बॅगा असतील तर 22 च्या खाली जाऊ नका, नाहीतर रात्री बॅग पलंगावर उघडावी लागते. खिडकी, लिफ्ट, आणि बाथटबमध्ये पाय उंच करून चढावं न लागणारा शॉवर, हे तिन्ही मेलवर लिहून घ्या. मुलीचं वय बुकिंगमध्ये टाका. 'नंतर सांगू' म्हटलं की काउंटरवर जादा पलंगाचे पैसे किंवा दुसरी खोली गळ्यात पडते. खोली लहान निघाली तर त्याच भागात दोन खोल्या बघा. 150++ च्या दोन मिळाल्या तर एकूण 1,26,000, तरी ऑर्चर्डपेक्षा 33,500 कमी, आणि सासूबाईंना निवांत झोप.

पहिल्या दिवसाचं गणित बहुतेक जण विसरतात. नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ, मग रात्रीचं साडेपाच तासांचं विमान, आणि सिंगापूरचं घड्याळ अडीच तास पुढे. सकाळी पोहोचलात तरी खोली दुपारी 2-3 वाजताच मिळते. लवकर खोली द्यायचे किती घेतात ते आधी विचारा. सासूबाईंसाठी तेवढे पैसे खुशाल द्या. चांगी विमानतळाहून चौघं आणि चार मोठ्या बॅगा साध्या टॅक्सीत मावत नाहीत, मोठी गाडी सांगा.

पैसे भरताना व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, दोन-चार टक्के महाग पडलं तरी. हॉटेल कार्डावर अनामत अडकवतं, ती सुटायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून तिथे डेबिट कार्ड देऊ नका, खर्चाचे पैसेच अडकतात. मशीनने 'रुपये की डॉलर' विचारलं की डॉलर निवडा. रुपयांतला दर त्यांचा असतो, तो महाग पडतो. विमान आणि हॉटेल एकत्र पॅकेजमध्ये घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. नुसतं हॉटेल स्वतः बुक केलं तर ते पॅकेज धरलं जात नाही. कापला गेलाच तर आयकर रिटर्नमध्ये तो वळता करून घ्या.

आता एफडी. मोडू नका. मुदतीआधी मोडल्यास बऱ्याच बँका पूर्ण काळासाठी साधारण 1 टक्का व्याज कमी देतात. 2 लाखांवर पावणेतीन वर्षांचे ते 5,500 रुपये होतात. त्याऐवजी त्याच एफडीवर 1 लाखाचं ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून उचल, घ्या. एफडीच्या दरापेक्षा 1-2 टक्के जास्त, समजा साडेआठ टक्के, म्हणजे 3 महिन्यांचे सुमारे 2,100 रुपये. ऑगस्टमध्ये एफडी पूर्ण झाली की ते आपोआप फिटतं. कार्डाचा ईएमआय व्याज, त्यावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी धरून यांत सगळ्यात महाग.

या आठवड्यात बँकेत ओव्हरड्राफ्टचा नेमका दर विचारा आणि लिटल इंडियाच्या हॉटेलला खोलीचं क्षेत्रफळ विचारणारी मेल टाका. उत्तर 22 चौरस मीटरच्या वर आलं तर तीच खोली घ्या.